काटा

चिंगेल्तेइच्या चढावर, गल्ली संपते तिथे माझा काटा.
पोतं ठेवायचं. सुई थरथरते, थांबते,
मी आकडा मोठ्याने बोलतो.
वीस किलो.
गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर शंभर ग्रॅम वरती.
उलानबातरचा हिवाळा आम्ही असा मोजतो,
पोत्यांनी.

दोल्गोरला दिवस गेले सप्टेंबरात.
दवाखान्यातल्या बाईने बोटांवर महिने मोजले,
दुसऱ्या हातावर आली आणि म्हणाली,
म्हणजे अख्खा हिवाळा पोटातच की.
कुठे मोकळ्या हवेत, माहेरी वगैरे?
दोल्गोर हसली.
माहेरची मेंढरं एका रात्रीत
बर्फात उभ्याउभ्या मेली होती,
म्हणून तर ते सगळेही आता आमच्याच गल्लीत.

डिसेंबरात इथे उजाडत नाही.
रात्रच जरा पांढरट होते.
तरी ती पहिल्या वाफेचा चहा घेऊन बाहेर जाते,
आभाळाला शिंपडते,
आभाळ कुठे असेल त्या अंदाजाने.
खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरते,
मोठा आवाज होणार म्हणून
लेकराचे कान झाकावेत तसं.

डोहाळे लागले ते खिडकीचे.
उघड्या खिडकीचे.
नमद्याच्या घराला खिडकी नसते.
माथ्यावर एक गोल, आणि त्यातून वर गेलेलं
चुलीचं नळकांडं.
विस्तव विझू द्यावा तर ती काकडते,
पेटता ठेवावा तर
(मी चुलीत अजून दोन ढेकळं टाकतो)
तर काय, ते आम्ही बोलत नाही.

आधी एक गेलं होतं. जानेवारीत.
त्याचं वजन कुणी केलं नाही.

हे आलं एप्रिलअखेर, दोन महिने आधी.
तिथला काटा पांढरा, त्याला सुईच नाही,
तो थरथरत नाही.
एक किलो सहाशे चाळीस.
सवयीने मी आकडा मोठ्याने बोललो,
आणि वॉर्डातल्या सगळ्या बाया
माझ्याकडे बघू लागल्या.

कशामुळे, मी विचारलं.
डॉक्टरीण म्हणाली, एकाचंच नाव घेता येत नाही.
रक्त कमी असेल, थंडी असेल, धूर असेल, नशीब असेल.
मग काचेच्या पेट्यांच्या रांगेकडे बघत,
मला नाही, पेट्यांनाच सांगितल्यासारखं:
हिवाळा सरला की ह्यांतली एकही रिकामी नसते.

चढावरच्या सत्तर चुलींना कोळसा मी दिला.
एकाहत्तरावी आमची.
शंभर ग्रॅम वरती.

जूनमध्ये घरी आणली.
आईने नाव ठेवलं एनेबिश, म्हणजे 'ही ती नव्हे'.
न्यायला कुणी आलंच तर त्याने ऐकावं,
चुकलो म्हणावं, आणि पुढच्या दारी जावं.
(पुढच्या दारीही पाळणा आहे,
हे आईला सुचलं नसावं.)
अंधारात बाहेर न्यायची वेळ आली तेव्हा
तिने नळकांड्यावरून बोट फिरवलं,
बाळाच्या नाकावर काजळीची तीट लावायला,
भुताखेतांना वाटावं, हा ससा आहे.
दोल्गोरने ते बोट अधांतरी धरलं.
बराच वेळ धरलं.
पुरे झाली तिला, एवढंच म्हणाली.

काल मी बाहीने काटा पुसला,
दोनदा पुसला,
आणि कुणी नाही बघून एनेबिशला वर ठेवलं.
सुई जेमतेम हलली.
ती खुदकन हसली. हसली, की नुसतंच तोंड वाकडं केलं,
या वयात सांगता येत नाही.
आई आतून ओरडली, लेकरू का वजन करायची वस्तू आहे,
दृष्ट लागेल.
उचललं तर तिच्या दुपट्यावर
पत्र्याचा काळा चौकोन,
कडा अगदी सरळ.

दोल्गोर काही बोलली नाही,
दुपटं पाण्यात टाकलं.
ऑगस्ट आहे, अजून धुतलेलं बाहेर वाळतं.

दाराशी खालच्या वळणावरची ओदगेरेल उभी होती,
एक हात कमरेला टेकून.
थंडी पडण्याआधी भरून ठेवावं म्हणते,
दोन पोती.
मी पहिलं पोतं काट्यावर ठेवलं.
सुई थरथरली, थांबली.
आकडा तिने वाचला.